बसायचं कुठे?

“आता एकाच गावात आहोत, भेटायला कितीसा वेळ लागतोय!” पुण्याहून आलेला मित्र हे इतक्या उत्साहाने म्हणाला, की याने बंगळूर पाहिलेलं नाही हे लगेच कळलं. तो ऑफिसच्या कामासाठी आलेला, मुक्काम व्हाइटफील्डला. मी मल्लेश्वरमला. इथे याला एक गाव म्हणतात.

तरी बरं, ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रोची जांभळी लाइन व्हाइटफील्डपासून पार चल्लघट्टापर्यंत सलग धावते. त्रेचाळीस किलोमीटर, सदतीस स्टेशनं. मॅजेस्टिकला हिरव्या लाइनीत बदललं की मल्लेश्वरम जवळच. शनिवारी सकाळी स्वारी आली.

त्याला डोसा खायला नेलं; कुठे ते सांगत नाही. कारण आज तक्रार डोशाबद्दल नाही, खुर्चीबद्दल आहे. जागा मिळायला अर्धा तास आणि मिळाल्यावर मागे चार जणांचं कुटुंब उभं. आजोबांची नजर माझ्या ताटलीवर. अशा वेळी “मग, घरी कसं काय?” असं विचारलं तर समोरचा “मजेत” म्हणतो आणि चटणी संपवतो.

म्हणून मग कॉफीला दर्शिनीत गेलो. ऐंशीच्या दशकात जयनगरात पहिली दर्शिनी निघाली आणि साऱ्या बंगळुराने उभ्याने खायची सवय लावून घेतली. पैसे भरा, टोकन द्या, छातीपर्यंत येणाऱ्या गोल टेबलाशी उभं राहून खा, वाट धरा. स्वच्छ, स्वस्त, झटपट. खोट काढायला जागा नाही. पण ज्याने कोणी हे टेबल बनवलं, त्याला लांबचा मित्र नसावा. ‘बाय टू’ कॉफी घेतली. अर्ध्या पेल्यात किती बोलणार? आम्ही राजकारण आणि गुडघे उरकले.

बंगळुरात हवा आहे, झाडं आहेत, कॉफी तर आहेच. नाही तो कट्टा. तासभर बूड टेकून बसलं तरी “आणखी काय आणू?” असं कोणी विचारणार नाही, अशी जागा.

ती शेवटी सापडली मेट्रोत. त्याला सोडायला म्हणून मॅजेस्टिकपर्यंत गेलो. तिथे अर्धी गाडी रिकामी झाली, समोर दोन जागा दिसल्या आणि मीही चढलो. एम.जी. रोडपर्यंत कॉलेजातल्या मंडळींची हजेरी घेतली: कोण कुठे, कोणाचं टक्कल, कोणी भावाशी बोलणं टाकलंय. बैयप्पनहळ्ळी मागे पडल्यावर तो वडिलांबद्दल बोलायला लागला. आता ते त्याला ओळखत नाहीत. पोस्टमन समजून रोज विचारतात, “मनीऑर्डर आली का?” आणि हा रोज “उद्या येईल” म्हणतो. असलं काही उभ्याने बोलता येत नाही.

या लाइनीवर इतकी स्टेशनं कशाला, असं मी एकदा लिहिलं होतं. त्या दिवशी ती कमी पडली. व्हाइटफील्डच्या शेवटच्या स्टेशनावर, काडुगोडीला, गाडी रिकामी झाली, गार्ड “इळीरी, इळीरी” (उतरा, उतरा) करत आला, आणि मित्राचं सांगणं अर्धंच राहिलं होतं. “चल, आता मी तुला मॅजेस्टिकपर्यंत सोडतो,” तो म्हणाला. त्याचं संध्याकाळचं विमान होतं आणि विमानतळ देवनहळ्ळीला, म्हणजे आणखी एका गावात. मी नको म्हटलं नाही.