मतपेटींतून उगवलेलें वतन

कुळकर्ण्याच्या पोराला अक्षर येवो वा न येवो, गांवचें दप्तर त्याचेंच. ही रीत शाहू छत्रपतींनीं 1918 सालीं करवीर राज्यांत मोडली आणि पगारी तलाठी नेमले. कोंकणांतील खोती मोडण्याचें बिल बाबासाहेब आंबेडकरांनीं 1937 सालीं मुंबईच्या असेंब्लींत मांडलें. अधिकार जन्मानें मिळूं नये, एवढ्यासाठींच ही झुंज होती ना? मग तेंच वतन आज आपण आपल्या मतानें पुन्हां कां बांधून देत आहों?

आपल्या ठाणें जिल्ह्याकडेच पाहा. खासदार प्रकाश परांजपे 2008 सालीं वारले. त्याच वर्षीं त्यांच्या जागीं चिरंजीव आनंद निवडून गेले. 2009 सालीं ठाण्याची जागा संजीव नाईकांना मिळाली; वडील गणेश नाईक तेव्हां मंत्री. कल्याणांत 2014 सालापासून श्रीकांत शिंदे निवडून येत आले. वडील एकनाथ शिंदे 2022 सालीं मुख्यमंत्री झाले. पक्ष निरनिराळे, रीत एकच. आणि येथें भटशाहीला शिव्या देऊन आपणांस सुटतां यायचें नाहीं. राज्यांतील असलीं बहुतेक घराणीं आपल्या बहुजनांचींच आहेत!

कोणी म्हणेल, मुलगा कर्तबगार असला तर? असेलही. पण सिद्धार्थ जॉर्ज व डॉमिनिक पोनाट्टू या अभ्यासकांनीं हिंदुस्थानांतील घराण्यांचा हिशेब तपासला. मूळ पुरुष राबतो, कारण त्याला मुलासाठीं जागा राखावयाची असते. मुलाला मतें आयतींच मिळतात, मग राबावें कशाला? म्हणून वारसाच्या हाताखालचा मुलूख मागें पडतो.

आमच्या कोलशेताचें पाहा. क्लॅरियंटसारखा कारखाना गेला, त्या जमिनीवर टोलेजंग इमारती उठल्या. गांवठाणाची हद्द आखून घरें नांवावर करा, ही आगरी-कोळ्यांची मागणी मात्र निवडणुकीपुरती ऐकली जाते. ज्याचें आसन पिढीजात, त्याला तुमच्या अर्जाची घाई ती कसली! त्यांत 2022 च्या मार्चांत ठाणें महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचाच कारभार चालला. कोळ्याकुणब्याचा होतकरू पोर वर चढायचा तो वॉर्डाच्या पायरीवरून. ती पायरीच नाहींशी झाली. थोरल्या घरच्या पोरांचें त्यांत कांहीं अडलें नाहीं.

पुढल्या खेपेस कोणी बापाचें नांव सांगत दारीं आला, तर गांवठाणाचा नकाशा त्याच्यापुढें पसरा आणि विचारा: हद्द कोणत्या तारखेस आखून देतां?