‘सध्या काय करता?’ : एका स्मरणिकेच्या निमित्ताने

एम. ए. मराठीचा आमचा वर्ग २००१ साली विद्यापीठातून बाहेर पडला. त्याला पंचवीस वर्षे होत असल्याने मेळावा भरवावा, त्याआधी प्रत्येकाने आपला पंचवीस वर्षांचा वृत्तान्त एका पानात लिहून पाठवावा आणि त्याची स्मरणिका काढावी, असे ठरले. स्मरणिकेचे काम आम्हा तिघांकडे आले. आम्ही एक तक्ता तयार केला : नाव, पत्ता, पद, जोडीदाराचे नाव व व्यवसाय, अपत्ये, प्रकाशने व पुरस्कार, आणि शेवटी ‘महाविद्यालयीन दिवसांतील एक आठवण’. वर्गात चौतीस जण होते. बावीस वृत्तान्त आले. ते वाचताना जे ध्यानात आले ते आमच्या वर्गापुरते नाही, असे वाटल्यावरून हे टिपण.

पहिले काही वृत्तान्त आले तेव्हा आनंदच झाला. दोन वर्षे एका बाकावर बसून ज्यांच्याशी भांडलो, त्यांची वाक्ये हस्ताक्षरासारखी ओळखू येतील अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात नावे झाकून ठेवली असती तर कोणता वृत्तान्त कोणाचा हे सांगता आले नसते. प्रत्येकजण कुठेतरी ‘कार्यरत’ होता आणि कुठेतरी ‘स्थायिक’ झाला होता. मुलगा ‘चिरंजीव’ होता व मुलगी ‘कन्या’ होती; घरात बोलताना हे शब्द कोणीही वापरत नाही. निम्म्या जणांनी स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहिले होते. वर्गात ‘मी’ हे सर्वनाम सर्वांत हट्टाने वापरणारा मित्रदेखील ‘त्यांनी’ वर येऊन ठेपला होता. लग्नपत्रिका, सत्काराचे मानपत्र आणि नोकरीचा अर्ज या तीन लेखनप्रकारांच्या संकरातून जन्मलेली ही भाषा आहे. तिच्यात खोटे काही नसते. मात्र सांगण्यासारखे जे जे असते, ते तिच्या फटींतून खाली पडते.

एक उदाहरण देतो. एका मित्राने लिहिले होते : ‘एम. ए. नंतर अठरा वर्षे विविध महाविद्यालयांत अध्यापन.’ वाक्य निर्दोष आहे. पण महाराष्ट्रातील महाविद्यालये ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी त्यातल्या ‘विविध’ या शब्दापाशी थांबावे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकाला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुटीच्या महिन्यांचे मिळत नाहीत, आणि नव्या वर्षी पुन्हा मुलाखत देऊन पुन्हा नेमणूक घ्यावी लागते. अठरा वर्षे म्हणजे अठरा वेळा नव्याने उमेदवार होणे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. त्या दिवशीही ती भाषा अनेक वर्गांत अशा तासांच्या हिशेबानेच शिकवली जात होती. आमच्या मित्राने हे सारे ‘विविध’ या एका विशेषणात बसवले. त्याने लपवले असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या तक्त्यात ‘पद’ असा रकाना होता आणि त्याच्याकडे त्या रकान्यात लिहिण्याजोगे एकही पद नव्हते.

मैत्रिणींच्या बाबतीत अडचण आधीपासूनच सुरू झाली. विद्यापीठाच्या यादीतल्या नावांनी त्या सापडेनात. आडनावे बदललेली, काहींची पहिली नावेही बदललेली. कोणाचा भाऊ, कोणाची वहिनी, कोणाच्या गावचे दुकानदार असे विचारत जावे लागले. ज्या सापडल्या त्यांच्यापैकी काहींनी ‘पद’ या रकान्यात एक आडवी रेघ मारून पाठवली. एकीचा वृत्तान्त तर संपूर्णपणे नवऱ्याच्या बदल्यांचा होता : नांदेड, मग धुळे, मग रत्नागिरी. तो वाचून आम्ही तिघेही प्रथम किंचित हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या वर्गात स्त्रियांच्या आत्मकथनांवर सर्वांत चांगला निबंध तिने वाचला होता.

यानंतर जे घडले त्याचा दोष सर्वस्वी आमचा. एका मित्राकडून फोनवर दोन वाक्यांचा संदेश आला होता : ‘माझ्याकडे कळवण्यासारखे काही नाही. मेळावा चांगला होवो.’ आम्ही त्याचे नाव शेवटच्या पानावरील ‘माहिती अप्राप्त’ या यादीत घातले. मुद्रित तपासताना ते नाव पुन्हा नजरेखाली आले आणि आम्ही थांबलो. त्याने माहिती पाठवली नव्हती असे कसे म्हणता येईल? कळवण्यासारखे काही नाही, हीच त्याने कळवलेली माहिती होती. पंचवीस वर्षांचा इतका थेट सारांश उरलेल्या बावीस जणांपैकी एकानेही दिला नव्हता. पुढे दुसऱ्या एका मित्राकडून समजले की, सेटचे दोन प्रयत्न फसल्यावर तो गावी परतला आणि आता घरची पिठाची गिरणी चालवतो. वसतिगृहाच्या गच्चीवर बसून ‘कोसला’ आम्हाला समजावून सांगितली होती ती त्यानेच.

येथे आम्हाला आमच्या शिक्षणाचीच लाज वाटली. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर शिक्षणात फसतो आणि गावी परततो. त्याच्या या ‘काहीच न होण्या’वर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. परात्मता, निरर्थकता, व्यवस्थेचा पोकळपणा अशा संज्ञा वापरल्या, गुण मिळवले आणि पुढे त्याच संज्ञा विद्यार्थ्यांना लिहून दिल्या. पांडुरंग सांगवीकराकडे आम्ही आमचा तक्ता पाठवला असता तर? पद नाही, प्रकाशने नाहीत, पुरस्कार नाहीत. आम्ही त्याला शेवटच्या पानावर, ‘माहिती अप्राप्त’ मध्ये घातले असते. कादंबरीतल्या अपयशाला आम्ही थोर वाङ्मयीन मूल्य मानले आणि शेजारच्या बाकावरच्या अपयशासाठी आमच्याकडे रकानाही नव्हता.

मराठी आत्मपर लेखनाची परंपरा आम्ही शिकलो नव्हतो असेही नाही. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे. पुढे १९५८ साली भारतरत्न झालेल्या या माणसाच्या कर्तबगारीला आमच्या तक्त्याचे रकाने पुरले नसते. तरीही त्यांच्या आठवणींतील जो प्रसंग वाचकांच्या मनात घर करून राहिला, तो आहे मुरूडहून साताऱ्यापर्यंत पावसापाण्यातून परीक्षेसाठी पायी जाण्याचा, आणि तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू न दिले जाण्याचा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. ‘पद’ या रकान्यात लक्ष्मीबाईंनीही आडवी रेघच मारली असती. नवऱ्याच्या फिरतीमागे झालेली फरपट, ओढगस्त, रुसवेफुगवे आणि स्वतःच्या फजित्या हेच त्यांचे साहित्य, आणि त्यातून मराठीतील एक श्रेष्ठ गद्यग्रंथ उभा राहिला. नवऱ्याच्या बदल्यांची यादी पाठवणाऱ्या मैत्रिणीला आम्ही हसलो, तेव्हा हे पुस्तक आम्ही विसरलो होतो. आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८)? तेथे तर दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकून शहरात वावरणारा एक आणि मागे राहिलेला, पण कधीच न सुटणारा दुसरा. आमचा तक्ता त्यांच्याकडे गेला असता तर तो दया पवारांनी भरला असता. दगडूला त्यात जागाच नव्हती. कोणत्याही मेळाव्याला आपण पाठवतो तो आपल्यातला ‘दया पवार’. दगडू घरी राहतो.

वृत्तान्त मागवण्याची ही प्रथा आपली जुनी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एकेका वर्षाच्या पदवीधरांचा अहवाल दर पाच वर्षांनी पुस्तकरूपाने निघतो. त्याच्या लाल बांधणीमुळे त्याला ‘रेड बुक’ म्हणूनच ओळखतात. पदवीधर त्यात आपल्या आयुष्याचा गोषवारा स्वतः लिहितात आणि दिवंगत सहाध्यायांचीही त्यात नोंद असते. आमच्या स्मरणिकेतही वर्गातल्या दोन दिवंगतांसाठी स्वतंत्र पान राखले होते. छायाचित्र, तारखा, चार सद्गदित ओळी, सगळे होते. गेलेल्यांना पान आणि गिरणी चालवणाऱ्या जिवंत मित्राला ‘अप्राप्त’चा शेरा, ही विसंगती आमच्या मुद्रितात शेजारशेजारच्या पानांवर छापलेली होती, आणि तीन मराठीच्या शिक्षकांना ती दिसायला तिसरे वाचन लागले.

येथे एका मैत्रिणीने घेतलेला आक्षेप नोंदवला पाहिजे. ती म्हणाली, “मेळावा म्हणजे काय कबुलीजबाब आहे? माणसे वर्षभर दुःखच भोगत असतात. एक दिवस चांगले कपडे घालून यावे, चांगले तेवढे सांगावे, यात वाईट काय?” हा आक्षेप वजनदार आहे. आपल्या पराभवाचा हिशेब वर्गबंधूंना देण्याचे बंधन कोणावरही नाही, आणि दुसऱ्याच्या व्यथेने आपली स्मरणिका वाचनीय करू पाहणे हा तर निव्वळ हावरेपणा ठरेल. चांगले तेवढे सांगणे हा माणसाचा अधिकार आहे, तसाच काहीही न सांगणे हाही. पण स्वतः निवडलेले मौन वेगळे आणि तक्त्याने लादलेले मौन वेगळे. आमच्या मित्राने ‘विविध’ हा शब्द खुशीने निवडला असता तर आमची तक्रार नव्हती. आम्ही प्रश्नच असा विचारला होता की, त्याला दुसरा शब्द सापडू नये. ‘सध्या काय करता?’ हा प्रश्न दिसतो साधा. वस्तुतः तो ‘काय झालात?’ असा असतो, आणि ज्याला काही ‘होता’ आले नाही त्याला तो दारातच अडवतो.

दुसरी गोष्ट, हा प्रश्न यशस्वी माणसांचेही नुकसान करतो. आमच्या वर्गातले एकजण प्राचार्य झाले आहेत. त्यांच्या वृत्तान्तात समित्यांची नावे अकरा ओळींत आली होती. या माणसाला वर्गात असताना संत साहित्याचे जे वेड होते, त्याचे पुढे काय झाले, हे त्या अकरा ओळींतून कळायला मार्ग नव्हता. कदाचित ते समित्यांत विरून गेले असेल, कदाचित पहाटे चार ते सहा ते अजूनही जिवंत असेल. ते विचारणे हे सहाध्यायांचे काम. समित्यांची नावे महाविद्यालयाच्या अहवालात मिळतातच.

तेव्हा आम्ही तयार स्मरणिका थांबवली, तक्ता रद्द केला आणि सर्वांना पुन्हा लिहिले. यावेळी तीनच गोष्टी मागितल्या. गेल्या पंचवीस वर्षांतला तुम्हाला आठवणारा एखादा साधा दिवस लिहा. वर्गात शिकलेल्यांपैकी काय टिकले आणि काय निरुपयोगी ठरले ते लिहा. जे पुस्तक तुम्ही पुन्हा उघडले, किंवा पुन्हा उघडवले नाही, त्याविषयी लिहा. यांपैकी काहीही न लिहिण्याची मुभाही दिली. न लिहिणाऱ्याचेही नाव यादीच्या क्रमात आपापल्या जागी, त्याच्या पानावर येईल आणि ते पान कोरे राहील. ‘अप्राप्त’ हा शब्द आम्ही काढून टाकला.

उत्तरे हळूहळू येत आहेत. सगळी चांगली आहेत असे नाही. जुनी सवय सुटत नाही. दोघांनी पुन्हा पुरस्कारच पाठवले आहेत. प्राचार्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे. मात्र नवऱ्याच्या बदल्या लिहिणाऱ्या मैत्रिणीने एक वहीच पाठवली. सासूबाईंची दृष्टी गेल्यानंतर सहा वर्षे ती त्यांना दुपारी वाचून दाखवत होती. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, सुरू केल्याची व संपल्याची तारीख, आणि सासूबाईंचे मत, असे त्या वहीत आहे. काही पुस्तकांपुढे ‘मध्येच सोडले, त्यांना झोप लागते’ असा शेरा आहे. आम्ही ज्यांच्यावर व्याख्याने देतो अशी दोन नामवंत पुस्तके त्यांत सापडली. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मित्राने एका जूनमधल्या मुलाखतीचा दिवस लिहिला आहे. त्या दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर उमेदवार म्हणून त्याचीच जुनी विद्यार्थिनी बसली होती. दोघांनी एकच डबा खाल्ला. पुढचे त्याने लिहिलेले नाही, आणि आम्ही विचारलेले नाही.

साहित्य शिकवणाऱ्या आमच्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना व्याख्या व लक्षणे सांगण्याआधी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या आईचा किंवा आजोबांचा वृत्तान्त एका पानात लिहवून घ्यावा. प्रथम नोकरीच्या अर्जाच्या तक्त्यात आणि मग तक्त्यावाचून. पहिल्यात काय मावले नाही याची जी यादी होईल, तिच्यापासून तास सुरू करता येईल. आम्हाला ही गोष्ट वर्गात कोणी करायला लावली असती, तर पंचवीस वर्षांनी असा तक्ता आम्ही बहुधा छापला नसता.

राहता राहिला गिरणीवाला मित्र. त्याला आम्ही संदेश न पाठवता फोन केला. मागे गिरणीचा आवाज होता, म्हणून तो बाहेर येऊन बोलला. अर्धा तास बोलला : पाऊस, मुलीची बारावी, विजेचे भारनियमन. पुस्तकांचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही. फोन ठेवताना त्याने विचारले, काही लिहून न देता मेळाव्याला आले तर चालेल का? चालेल, असे आम्ही म्हटले. स्मरणिकेतील त्याच्या पानावर त्याची ती दोन वाक्ये, त्याने परवानगी दिल्याप्रमाणे, जशीच्या तशी छापत आहोत.