वजन उतरलं, पण डोकं चालेना!

वजन कमी करायची सर्जरी झालेला कलीग डेस्कवर परतला की आपण म्हणतो, "काय मस्त बारीक झालास!" पण दुपारच्या मीटिंगमध्ये त्याचं लक्ष लागत नाही, उगाच चिडचिड होते. हा आळस नव्हे हो. स्लीव्ह सर्जरीत जठराचा साधारण 75-80 टक्के भाग काढतात. सुरुवातीला खाणं घोटाघोटानं. त्यात लोह, बी12, थायमिन कमी पडलं तर थकवा येणारच. आवडीचं खाऊन मूड सुधारायची सोयही गेलेली.

त्यामुळे व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नयेत. उदासी टिकली तर तेही डॉक्टरला सांगावं. उलट्या थांबेनात, गोंधळल्यासारखं झालं, तर तडक हॉस्पिटल गाठावं.

आणि टीम लीडनं? सुरुवातीचे काही आठवडे रात्रीचे कॉल दुसऱ्याला द्यावेत. सर्व्हरला डाउनटाइम देतो, मग माणसाला का नाही?