पाऊस आहे, म्हणून फिरणे बंद?

आषाढ-श्रावणात मधुमेही रुग्णांशी एक संवाद हमखास होतो. उन्हाळ्यात आटोक्यात असलेली साखर एकदम वाढलेली दिसते. "गोळ्या चालू आहेत ना?" "हो, डॉक्टरसाहेब." "जेवण?" "तेच." "आणि सकाळचे फिरणे?" यावर रुग्ण खिडकीबाहेर पाहतो आणि म्हणतो, "आता या पावसात कुठं फिरता?"

प्रश्न रास्त वाटतो. पण साताऱ्याचे उदाहरण पाहा. सह्याद्रीच्या कुशीतले हे शहर. तेथे पावसाची झड लागली की दिवसेंदिवस उघडत नाही. तरीही सकाळी अजिंक्यतारा चढणारे स्त्री-पुरुष तेथे पावसाळ्यातही दिसतात. यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन होते, तीही पावसाळ्याच्या उत्तरार्धात. ती माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. पाऊस थांबण्याची वाट पाहत बसायचे नाही, एवढेच त्यांनी ठरवलेले असते.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो सरीने येतो आणि उघडतो. चार महिन्यांतील निम्म्याहून अधिक दिवस तर कोरडेच जातात. म्हणजे आपले फिरणे पाऊस बंद करत नाही. पावसाचे निमित्त बंद करते! शेगावची पालखी दरवर्षी सेनगाव, औंढ्यावरून पंढरीला जाते. वारकरी मृगाच्या सरी अंगावर घेत चालतात. आपण त्यांना हात जोडतो, चहा-फराळ देतो आणि छत्री सावरत घरी परततो.

भिजले की सर्दी होते, हा समजही तपासून पाहावा. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ते दारे-खिडक्या लावून दाटीवाटीने बसलेल्या घरात अधिक सहज पसरतात. घरी आल्यावर अंग पुसून कोरडे कपडे घातले, तर थोड्या भिजण्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. दमेकरी आणि हृदयरोग्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हळदीत, सोयाबीनमध्ये दिवसभर राबणाऱ्यांना हा सल्ला नाही. तो आहे दुकानाच्या गादीवर आणि कार्यालयाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढाच हा हिशेब.

काळजी मात्र घ्यावी. मधुमेही व्यक्तींनी अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी असल्यास जखम कळत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी, म्हणजे चिखल्या होत नाहीत. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. गवतातून चालू नये, अंधारात बॅटरी जवळ ठेवावी. हे दिवस सापांचे आहेत. ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस फारच असेल, तर ओसरीत किंवा घरातच येरझाऱ्या घालाव्यात. खाडा मात्र करू नये.

तरीही सगळा दोष नागरिकांच्या माथी मारणे योग्य नाही. चिखल, उघडी गटारे आणि बंद पथदिवे यांतून साठीच्या आजीने फिरायचे तरी कसे? पाय घसरून खुबा मोडला, तर साखर परवडली असे म्हणायची वेळ येईल. म्हणून प्रत्येक गावाने एक तरी पाणी न साचणारी, उजेडाची वाट राखावी. शाळांची मैदाने आणि लांब ओसऱ्या सकाळी तासभर उघड्या ठेवाव्यात. स्त्रियांना निर्धास्त चालता येईल अशी जागा तर हवीच; कारण पावसात सर्वांत आधी फिरणे सुटते ते त्यांचे. यासाठी होणारा खर्च औषधांच्या खर्चाहून निश्चितच कमी असेल.

वाचकहो, पाऊस हा आपला पाहुणा. त्याची आपण वर्षभर वाट पाहतो. तो आल्यावर दार लावून घेऊ नये. उद्या सकाळी उघडीप दिसली की पायात चपला घाला आणि निघा.