मोहाचे बी आणि दप्तराचे वर्ष

गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबार-पालघरपर्यंतच्या ज्या आदिवासी मुलखात मोहाची फुले उन्हाळ्यात अन्नाचा आधार होतात आणि टोळंबीचे, म्हणजे मोहाच्या बीचे, तेल दिव्याला व कालवणाला उपयोगी पडते, त्याच मुलखात जुन्या वृक्षांच्या सावलीत नवे रोप क्वचितच दृष्टीस पडते. फुले वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात कोवळी रोपे होरपळतात. वाचतात ती गुरांच्या तोंडी पडतात, आणि बी घाण्यावर जाते. याचा दोष लोकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १८९२ साली मुंबई सरकारने कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध घातले होते. तसल्या मनाईच्या वाटेने पुन्हा न जाता रोपवाटिकांनी आपले कर्तव्य ओळखावे.

मोहाचे बी साठवणीचे नव्हे. सागाचे फळ पोत्यात भरून वर्षभर कोठीत ठेवता येते, किंबहुना मुरल्याने ते अधिक बरे उगवते. परंतु तेलाने भरलेले हे तपकिरी, तुळतुळीत बी फळातून काढल्यावर थोड्याच आठवड्यांत आपले उगवणसामर्थ्य गमावते. ताजे बी शेणखत मिसळलेल्या पोयट्यात, बोटाच्या पेराहून उथळ, आडवे पुरले म्हणजे पंधरवड्याच्या सुमारास अंकुर दिसू लागतो. पण वर पहिली पाने उलगडत असताना खाली सोटमूळ पिशवीच्या तळाकडे धावत असते. म्हणून पिशवी खोल हवी आणि ती वरचेवर उचलून तिची जागा बदलावी, नाहीतर जमिनीत शिरलेले मूळ लागवडीच्या दिवशी तुटते आणि रोप जन्माचे अधू होते.

खरी अडचण पुढेच आहे. हे बी पिकते ज्येष्ठ-आषाढात, जेव्हा सगळे मनुष्यबळ तयार रोपे खड्ड्यांत लावण्यात गुंतलेले असते. आणि त्यापासूनचे रोप लावण्याजोगे होते पुढल्या पावसाळ्यात, म्हणजे मार्चअखेरीस हिशेब मिटल्यानंतर. परिणामी लवकर वाढणाऱ्या गिरिपुष्पासारख्या झाडांनी उद्दिष्टाचे आकडे भरून काढण्याचा मोह होतो. यास्तव मोहाच्या रोपांसाठी दोन आर्थिक वर्षांना व्यापणारी स्वतंत्र तरतूद मंजूर व्हावी, तीत पुढल्या उन्हाळ्यातील पाण्याचा व राखणदाराच्या रोजीचा खर्च धरावा, आणि टोळंबी वेचणाऱ्या बायांना घाण्याहून सरस भाव रोकड, त्याच दिवशी, झाडाखालीच मिळावा.