सहलीची लोकशाही

शिक्षणासाठी झुरिकला निघाले तेव्हा पुण्याचे काका म्हणाले होते, “अगं, लोकशाही म्हणजे काय ते तिकडे डोळे भरून पाहून घे. आपल्याकडे नुसता शिमगा!”

काकांची आज्ञा मी शिरसावंद्य मानली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पुस्तके मिटली, डब्यात पोळी-भाजी घेतली आणि आगगाडीने आपेनझेल गाठले. त्या दिवशी त्या डोंगराळ गावी ‘लांड्सगेमाइंडे’ भरते. म्हणजे साऱ्या परगण्याची उघड्या चौकातली सभा. दोरांनी आखलेल्या रिंगणात मतदार उभे राहतात, ज्याला बोलायचे असेल तो पुढे येऊन बोलतो आणि मग हात वर होतात. अंदाज नजरेनेच घ्यायचा. संशय आला तरच मोजणी. कित्येक पुरुषांच्या कमरेला वडिलोपार्जित तलवार, तोच त्यांचा मताधिकाराचा दाखला. बायकांच्या हाती साधे कार्ड. मी दोराबाहेर, पाहुण्यांच्या गर्दीत. दृश्य मोठे देखणे, हे कबूल.

पण देखणेपणावर भाळून मी टाळ्या पिटणार नाही. याच चौकात 1990 च्या एप्रिलमध्ये पुरुषांनी हात वर करून स्त्रियांना मताधिकार नाकारला होता! त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कान धरला, तेव्हा कुठे 1991 साली बायका रिंगणात आल्या. साऱ्या देशाच्या निवडणुकीतही तिथल्या स्त्रियांना मत मिळाले ते 1971 साली. माझी पणजी मात्र वाई तालुक्यातल्या आमच्या खेड्यात 1952 सालीच मत देऊन आली होती, आणि तेही पडद्याआड. सावकाराच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा असता, तर तो तिच्या मनासारखा वर झाला असता का?

तेव्हा काका, परदेशाची आरती आता पुरे!

एका बाबतीत मात्र माझीही मान खाली गेली. परतताना गाडीत शेजारच्या आजोबांनी विचारले, “तुमच्याकडे अशी सभा नसते?” मी ऐटीत सांगितले, “असते तर! ग्रामसभा. 1993 पासून तिला राज्यघटनेचा आधार आहे.” त्यांनी शांतपणे विचारले, “तुम्ही किती वेळा गेलात?” मी खिडकीबाहेरच्या गाई पाहू लागले.

आमच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतले जे कमी असेल तेवढे पुरतात. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग चार टाळकी ठरवतील ते गावाचे मत. दोष त्या चौघांचा की घरी बसलेल्या आम्हा शहाण्यांचा?

शहरवाल्यांनीही हसू नये. आपेनझेलची माणसे सुट्टीच्या दिवशी सहलीच्या उत्साहाने मत द्यायला येतात. आपण मत देण्यासाठी मिळालेल्या सुट्टीत सहलीला जातो. काका, 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी तुम्ही धाडलेला वेण्णा तलावातल्या होडीचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे!

वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता राजकारणाला शिव्या जरूर द्या. पण त्याआधी एकमेकांना एवढेच विचारा: गेल्या मतदानाच्या दिवशी आपण होतो कुठे?