मोटारीचे खातेपान

सोलापुरातील जुन्या व्यापारी घरांत भावाभावांच्या वाटणीची यादी होते, तेव्हा तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी पेढी आणि गोदाम, मग राहते घर, शेतजमीन, सोनेनाणे, शेअर्स, मुदतठेवी. अगदी तळाशी, पितळी भांडी आणि लोखंडी तिजोरी यांच्याही खाली, एखाद्या घरात अशी ओळ असते : ‘जुनी मोटार, बंद, नग १’. तिच्यासमोरच्या किमतीच्या रकान्यात थोरला भाऊ शून्य लिहितो, मधला भंगाराचा भाव लिहितो, आणि परदेशातील लिलावाची बातमी वाचून आलेला पुतण्या कोटीचा आकडा सांगून दोघांनाही गप्प करतो. या तिघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायचे तर मोटारीच्या लिलावात नेमके काय विकले जाते, हे आधी पाहावे लागते.

राजकोटच्या एका मोटारीची हकिगत यासाठी उपयोगी आहे. राजकोट संस्थानचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी लाखाजीराज यांच्यासाठी १९३४ साली इंग्लंडमध्ये एक रोल्स-रॉइस तयार झाली. प्रकार फँटम टू कॉन्टिनेन्टल, इंजिन सहा सिलिंडरांचे, क्षमता साडेसात लिटरांहून अधिक. रंग केशरी, बॉनेट चकचकीत ॲल्युमिनियमचे, आणि टप हवा तेव्हा मागे घडी घालून ठेवता येईल असा. सुकाणूबरोबर वळणारे दिवेही तिला बसवले होते. तिचे नाव ‘स्टार ऑफ इंडिया’. संस्थाने विलीन झाली, पुढे तनखे बंद होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा अशा मोटारी पोसणे राजघराण्यांनाही जड जाऊ लागले. १९६८ साली ही मोटार एका इंग्रज खरेदीदाराकडे गेली आणि भारताबाहेर पडली.

पुढची चार दशके तिने परदेशात काढली. २०१० साली मोनॅको येथे कॉइज या ब्रिटिश लिलावसंस्थेने ती विक्रीस काढली, तेव्हा ती जगातील सर्वांत महाग रोल्स-रॉइस ठरेल, अशा बातम्या आधीच छापून आल्या होत्या. पुढे राजकोटच्या राजघराण्यातील मांधातासिंहजी जाडेजा यांनीच ती मिळवली आणि मोटार पुन्हा राजकोटला आली. घराण्याने एकदा विकलेली वस्तू घराण्यानेच पुन्हा पैसे मोजून आणली. व्यापारी मनाला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. पण या मोटारीसाठी एवढी धडपड करावी असे कोणाला वाटले, याचे कारण तिच्या इंजिनात शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस किंवा बेंटले ही कंपनी संपूर्ण मोटार विकतच नसे. ग्राहकाला मिळे तो सांगाडा : चॅसिस, इंजिन, चाके आणि पुढची ओळखीची जाळी. त्यावरचा देह घडवणारे कारखाने वेगळे होते. बार्कर, हूपर, एच. जे. म्युलिनर, गर्नी नटिंग ही त्यांतली नामांकित नावे. राजकोटच्या मोटारीचा देह थ्रप अँड मेबर्ली यांनी घडवला होता. यांपैकी काही कारखाने मुळात घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे. म्हणून ॲश लाकडाची चौकट करून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवण्याची त्यांची रीत होती. ग्राहक समोर बसून आसनाची उंची, टपाचे कापड, सामानाची पेटी, दिव्यांची जागा सांगे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्या कारखान्यातून एकसारख्या हजारो मोटारी बाहेर पडल्या आणि देशाला उपयोगी पडल्या. या इंग्रजी मोटारींचा धंदा अगदी उलट होता. तिथे प्रत्येक नग स्वतंत्र होता, आणि म्हणून प्रत्येक नगाचे खाते स्वतंत्र ठेवले जाई.

हे खाते चॅसिस क्रमांकाने उघडे. सांगाडा कारखान्यातून केव्हा निघाला, कोणाच्या मागणीने, कोणत्या देह-कारखान्याकडे गेला, ग्राहकाने कोणत्या खास सूचना दिल्या, याच्या नोंदी ठेवल्या जात. अशा नोंदींचा मोठा संग्रह इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे जतन झाला आहे. बँकेत तारण कर्जाचा अर्ज आला, तर जाणता अधिकारी इमारतीचा रंग पाहून भाळत नाही. तो आधी मालकी हक्काचा मागील तीस वर्षांचा शोध-अहवाल मागतो. लिलावातला मुरलेला खरेदीदारही तेच करतो. चॅसिस आणि इंजिनवर कोरलेले क्रमांक नोंदींशी जुळतात का? देह मूळचा आहे, की बंद लिमुझिनचा देह काढून टाकून त्या सांगाड्यावर नंतर उघड्या टपाचा नवा देह चढवला आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उघड्या टपाच्या मोटारींना बंद मोटारींपेक्षा मागणी जास्त, त्यामुळे अशी अदलाबदल जगभर पुष्कळ झाली आहे. तिला फसवणूक म्हणता येत नाही, कारण कित्येकदा ती उघडपणे केलेली असते; पण किंमत मात्र खाली येते.

महाराष्ट्राच्या भूमीवर अशा नोंदीचा एक जुना दाखला आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी-शर्यत झाली. सुमारे ६२० मैलांचे अंतर, वाटेत सहा घाट, आणि रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने ही कसोटी जिंकली आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. भारतीय संस्थानिकांत या मोटारीचे वेड पसरण्यास ही शर्यत मोठे निमित्त ठरली. आज एखाद्या मोटारीमागे असा एखादा पुरावा असलेला प्रसंग असेल, तर कॅटलॉगमध्ये तिला चार पाने मिळतात.

याच्या उलट उदाहरण प्रत्येकाने ऐकलेले आहे. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून एका महाराजांनी रोल्स-रॉइस मोटारी घेऊन कचरा वाहायला लावल्या, ही ती गोष्ट. सांगणारा कधी अलवरचे नाव घेतो, कधी भरतपूरचे, कधी पतियाळाचे, कधी हैदराबादचे. गोष्ट रंगतदार आहे. पण ज्या कथेला नाव-गाव निश्चित नाही आणि कागद नाही, तिच्यावर कोणी बोली लावत नाही.

आता जीर्णोद्धाराविषयी, कारण वाटणीच्या यादीतील पुतण्या इथेच घसरतो. नवा रंग, नवे क्रोम, नवी आसने करून मोटार आरशासारखी चमकवली की किंमत वाढते, हा सार्वत्रिक समज आहे. ॲशची चौकट पावसाळ्यातील ओलीने आणि वाळवीने आतून पोखरली गेली असेल, तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी पत्रा उतरवावा लागतो आणि लाकूड मूळ मापाने कापावे लागते. हे काम जाणणारे कारागीर आपल्याकडे थोडे आहेत. अशा कामावर झालेला खर्च विक्रीतून वसूल होईलच असे नाही. दुर्मीळ मोटारीत होतो, सामान्य मोटारीत बहुधा होत नाही. आणि जिथे मूळचा रंग, मूळचे कापड टिकून आहे, तिथे ते खरवडून काढणे म्हणजे जुन्या वहीवर नव्या शाईने लिहिण्यासारखे होते. बरेच संग्राहक झिजलेल्या मूळ आसनाला नव्या आसनापेक्षा अधिक मान देतात.

आसनांचा विषय निघाला, तेव्हा जैन घरांत उठणारा प्रश्न टाळता येत नाही. या मोटारींच्या आतील अस्तर बहुधा कातड्याचे असे आणि एका मोठ्या मोटारीला अनेक जनावरांची कातडी लागत. गंमत अशी की, बंद लिमुझिनमध्ये कातडे पुढे शोफरच्या वाट्याला येई आणि मागे मालकासाठी उंची लोकरी कापड असे. उघड्या टपाच्या मोटारीत मात्र ऊन-पाऊस सोसण्यासाठी सगळीकडे कातडेच घालत. ते काढून कापड घातले, तर बाजारात किंमत उतरते. ठेवले, तर घरातील वडीलधारी मंडळी त्यावर बसणार नाहीत. हा तोटा रुपयांत किती, ते लिलावदार सांगू शकेल. तो सोसायचा की नाही, हे त्या घरानेच ठरवायचे आहे.

लिलावाची रीत बँकेच्या जप्त मालमत्तेच्या लिलावाशी काही बाबतींत जुळते. वस्तू ‘जशी आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाते आणि राखीव किंमत असते. फरक असा की, बँक आपल्या नोटिशीत राखीव किंमत छापते. मोटारींच्या लिलावात ती सहसा गुप्त राहते आणि कॅटलॉगमध्ये छापला जातो तो केवळ अंदाज. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात हाच अंदाज येतो. त्यावर विसंबून घरात वाद घालणे शहाणपणाचे नाही. शिवाय हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराला लिलावसंस्थेचे अधिमूल्य आणि कर द्यावे लागतात, विक्रेत्याच्या हातातून दलाली कापली जाते. दोघांच्या मधली ही रक्कम मोठी असते.

भारतात या व्यवहाराला कायद्याची चौकट २०२१ साली अधिक स्पष्ट झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चॅसिस, देह वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या मोटारीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी मोटार रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची. तेव्हा मुलाच्या वरातीसाठी भाड्याने देऊन खर्च भागवू, हा हिशेब कागदावरच राहील.

प्राप्तिकराची बाजू विक्रेत्याला अनुकूल आहे. घरगुती वापराची मोटार ही वैयक्तिक वापराची जंगम वस्तू समजली जाते; दागिने, चित्रे, शिल्पे यांना ही सवलत नाही. त्यामुळे अशा मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा प्रश्न सहसा येत नाही. मात्र ती पेढीच्या नावावर असेल आणि तिच्यावर घसारा घेतला असेल, तर गणित बदलते. जुन्या पेढ्यांत मोटार दुकानाच्या नावावर घेण्याची पद्धत सर्रास होती, हे विसरू नये.

आपल्या समाजाशी जवळचे एक नाव येथे घ्यायला हवे. मुंबई-अहमदाबादचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी संस्थानिकांच्या आणि श्रीमंतांच्या मोटारखान्यांतून निघालेल्या मोटारी गोळा केल्या. अहमदाबादजवळ कठवाडा येथील दास्तान इस्टेटमधील ‘ऑटो वर्ल्ड’ संग्रहालयात त्यांच्या शंभराहून अधिक मोटारी मांडलेल्या आहेत. २०११ साली ते वारले. परदेशी ग्राहक जुन्या मोटारी उचलून नेत होते, त्या काळात त्यांनी या मोटारी देशात राखल्या. त्या घराण्याला ते परवडले. प्रत्येक घराला परवडेल असे नाही, आणि सोलापुरातील शेडमध्ये उभी असलेली मॉरिस किंवा ऑस्टिन म्हणजे फँटम नव्हे.

तरीही भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एक दिवस वह्यांसाठी काढावा. मोटार घेतली त्या वर्षाची रोजमेळ-खतावणी, विम्याच्या पावत्या, नोंदणी पुस्तक, लग्नातले मोटारीसहचे फोटो, गॅरेजच्या बिलांची फाइल. व्यापारी घरांत हे सारे इतरांपेक्षा अधिक जपलेले असते. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले नसेल, तर. चॅसिस आणि इंजिनचे क्रमांक चिखल पुसून टिपून घ्यावेत आणि नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. पुस्तक आजोबांच्या नावावरच असेल, तर आधी वारसाच्या नावे हस्तांतर करावे लागते. त्यासाठी नमुना ३१ भरायचा असतो आणि मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज करणे अपेक्षित असते. ही मुदत बहुतेक घरांत कधीच उलटून गेलेली असते, तरी परिवहन कार्यालयात चौकशी करून मार्ग काढावा. तोवर वाटणीच्या यादीत त्या ओळीसमोर शून्यही लिहू नये आणि कोटीही लिहू नये. ‘किंमत नंतर, विक्री झाल्यास सर्वांत समान’ एवढे लिहून सर्व भावांनी सह्या कराव्यात.